दुकानातील मालाची यादी आणि तिची क्रमवारी : एका खेळाच्या विकीच्या निमित्ताने

१

कोश आणि सूची यांच्या मांडणीचा विचार करताना आपले लक्ष सहसा ग्रंथांकडे जाते. अमरकोशातील वर्ग, मोल्सवर्थच्या कोशातील वर्णक्रम, केतकरांच्या ज्ञानकोशातील पहिले पाच प्रस्तावनाखंड आणि त्यानंतरची अकारविल्हे मांडणी ही उदाहरणे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. या प्रत्येक मांडणीमागे आपला वाचक कोण आणि तो काय शोधावयास येतो, याविषयीची एक निश्चित कल्पना असते. प्रस्तुत लेखाचा विषय या परंपरेपासून फार दूरचा वाटण्याचा संभव आहे. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळातील काल्पनिक दुकानांमध्ये जो माल मिळतो, त्याची यादी त्या खेळाच्या विकीवर कशी मांडावी, आणि त्या मालाची क्रमवारी लावावयाची तर ती कोणत्या आधारावर, हा तो विषय होय. एम. ए. च्या वर्गात कोशरचना शिकविताना एका विद्यार्थिनीने स्वाध्याय म्हणून अशीच एक यादी मराठीत करून आणली. तिच्यातील एका रकान्याने असा काही घोटाळा केला की, जे तत्त्व चार तासिकांत वर्गाला पटविता आले नव्हते ते एकदम उजेडात आले. म्हणून हा लेखप्रपंच.

खेळाचे नाव 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या अमेरिकन लेखकाने चित्रे व संगीत यांसह तो एकट्याने रचला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला. शहरातील नोकरीला विटलेला नायक आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर राहावयास जातो, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. खेळातील वर्ष चार ऋतूंचे आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. वसंताच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, खेळाडूजवळ ५०० नाणी असतात आणि गावच्या महापौरांनी भेट दिलेली पार्सनिपची १५ बियाणी. (खेळात चलनाला नुसते 'गोल्ड' म्हणतात, येथे सोयीसाठी 'नाणे' म्हटले आहे. पार्सनिप म्हणजे गाजराच्या जातीचे पांढरट मूळ.) गावातील पिएर नावाच्या वाण्याकडून बियाणे आणावयाचे, वाफे खणून पेरावयाचे, झारीने रोज पाणी घालावयाचे आणि पीक हाती आले की विकावयाचे. ऋतू पालटला की मागील ऋतूचे पीक वाळून जाते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत काय विकत घ्यावे, हा खेळाडूपुढील पहिलाच आणि काहीसा निकडीचा प्रश्न असतो.

विकी या ग्रंथप्रकाराविषयी दोन शब्द पुरेत. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. शब्द हवाई बेटांवरील भाषेतला, अर्थ 'झटपट'. विकिपीडिया २००१ चा, मराठी विकिपीडिया २००३ चा. कोणत्याही वाचकाने पृष्ठ उघडावे, दुरुस्ती करावी, आणि केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी पृष्ठाच्या इतिहासात जतन व्हावा, ही तिची रीत. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. लीळाचरित्राचा कोणता पाठ केव्हा व कोणाच्या हातून बदलला, हे शोधण्यात आपल्या संशोधकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. येथे तो इतिहास एका कळीवर उघडतो.

२

दुकानाच्या पृष्ठावर प्रथम यावयास हवी ती नोंद. 'या दुकानात काय मिळते?' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पिएरचे दुकान सकाळी ९ ते सायंकाळी ५ पर्यंत उघडे असते आणि बुधवारी बंद. परंतु गावातील मोडकळीस आलेले समाजमंदिर खेळाडूने पूर्ववत् करून दिले की ते बुधवारीही उघडू लागते. वसंतात पार्सनिपचे बियाणे २० नाण्यांना, बटाट्याचे ५०, केल नावाच्या पालेभाजीचे ७० आणि फ्लॉवरचे ८० नाण्यांना मिळते. लसूण ४० नाण्यांना मिळतो, पण दुसऱ्या वर्षापासून. उन्हाळ्यातील लाल कोबीचेही तसेच. फुलांचा गुच्छ २०० नाण्यांचा आहे, मात्र गावातील एखाद्या अविवाहित पात्राशी खेळाडूचा स्नेह ठरावीक मर्यादेपर्यंत वाढल्याशिवाय तो दुकानात दिसतच नाही. पाठीवरची मोठी पिशवी २००० नाण्यांना आणि तिच्याहून मोठी १०,००० नाण्यांना मिळते, आणि ती एकदाच. म्हणजे नाव आणि किंमत एवढ्या दोन रकान्यांत ही नोंद मावत नाही. केव्हा, कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे तीन प्रश्न प्रत्येक ओळीला चिकटलेले आहेत. दरपत्रक करणाराने ही अट तळटीपेत ढकलली तर वाचक लसणासाठी पहिल्या वर्षी दुकानाच्या खेपा घालीत राहतो.

शिवाय दुकान एकच नाही. गावात जोजामार्ट हे मोठे व्यापारी दुकान आहे. ते बुधवारीही चालू असते आणि रात्री ११ पर्यंत. दर शुक्रवारी आणि रविवारी सिंडरसॅप नावाच्या जंगलात एका फिरत्या विक्रेतीची गाडी येते. तिच्याजवळ काय असेल आणि कोणत्या भावाने असेल, हे प्रत्येक वेळी यदृच्छेने ठरते. पिएरविषयी 'आहे' म्हणता येते. गाडीविषयी केवळ 'असू शकते'. या दोन विधानांची ज्ञानाच्या दृष्टीने जात वेगळी आहे, आणि दोन्ही एकाच कोष्टकात सारख्याच अक्षरांत छापणे हा माझ्या मते यादीकाराचा अक्षम्य प्रमाद होय.

येथून वर्गीकरणाचा प्रश्न उभा राहतो. माल दुकानाप्रमाणे मांडावा की दुकाने मालाप्रमाणे? 'पिएर' या पृष्ठाखाली त्याचे सर्व जिन्नस येतात. 'फ्लॉवर' या पृष्ठाखाली तो कोठे कोठे मिळतो ती सर्व ठिकाणे. वाचक दोन्ही दारांनी येतो, म्हणून दोन्ही नोंदी हव्यात. पण एकच किंमत दोन ठिकाणी लिहिली की कालांतराने एक बदलते आणि दुसरी तशीच राहते. विकीवर यासाठी जो उपाय करतात त्याला मराठी विकिपीडियावर 'साचा' म्हणतात: किंमत एकदाच एका जागी लिहावयाची आणि जेथे जेथे लागेल तेथे ती साच्यातून उमटवावयाची. विषयवार गटांना त्याच विकिपीडियावर शब्द आहे 'वर्ग'. हा शब्द अमरसिंहाचाच आहे आणि त्याने तो जवळजवळ याच अर्थाने वापरला होता.

अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात वैश्यवर्ग आहे. त्यात शेती, धान्ये, गोपालन, पाकक्रिया, मापे आणि व्यापार यांचे शब्द एका पाठोपाठ येतात. वर्णक्रमाची सवय लागलेल्या आधुनिक वाचकाला ही रचना विस्कळीत वाटते. वस्तुतः ती माणसाच्या व्यवसायाच्या अनुरोधाने केलेली आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात राजवर्गापासून दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे दहा वर्ग आहेत, आणि त्यांतला अखेरचा पण्यवर्ग. पण्य म्हणजे विकावयाचा माल. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय पुरविणे हा त्या कोशाचा हेतू होता, तेव्हा दुकानाचे दरपत्रक म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे ठरेल. परंतु कारकुनाला शब्द शोधावयाचा तो कामाच्या ओघात, अक्षराच्या ओघात नव्हे, ही जाण दोन्ही कोशकारांना होती. पिएरच्या पृष्ठावर बियाण्याशेजारी खत, खताशेजारी पीठ-साखर-तेल आणि पलीकडे भिंतीला लावावयाचा रंगीत कागद येतो, तो याच न्यायाने. दुकानात शिरलेल्या माणसाला फळीवर जे दिसते ते त्याच क्रमाने पृष्ठावर दिसावे, अशी ही मांडणी आहे. तिला मी 'फळीक्रम' म्हणेन. खेळात वसंताच्या फळीवर पहिले बियाणे पार्सनिपचे आहे.

आणखी एक अडचण आवृत्तीची. खेळ एकदा छापून संपलेला ग्रंथ नाही. तो बदलत राहतो. २०२४ च्या मार्चमध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीत दुकानांतील मालाची माहिती मूळ संहितेतून काढून स्वतंत्र विदाधारिकेत ठेवण्यात आली. यादीकाराला यामुळे उगम सापडणे सुलभ झाले, पण जुन्या आवृत्तीवरून लिहिलेल्या ओळी आपोआप दुरुस्त झाल्या नाहीत. प्रत्येक दरापुढे आवृत्तीचा अंक असावा, हा आग्रह म्हणूनच पांडित्याचा नव्हे.

३

नोंद आणि वर्गीकरण येथवर झाले. क्रमवारी ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि विद्यार्थिनीच्या यादीतील घोटाळा तेथेच होता. तिने वसंतातील चार पिके घेतली, प्रत्येकाच्या विक्रीच्या किमतीतून बियाण्याची किंमत वजा केली आणि आलेल्या नफ्याला पीक तयार होण्याच्या दिवसांनी भागले. फ्लॉवर ८० ला घेऊन १७५ ला विकला जातो, दिवस १२. म्हणजे दररोज सुमारे ७.९ नाणी. केल ७० चे ११० होते, दिवस ६, सुमारे ६.७. बटाटा ५० चा ८०, दिवस ६, बरोबर ५. पार्सनिप २० चा ३५, दिवस ४, ३.७५. या आकड्यांनुसार तिने ओळींचा क्रम लावला आणि रकान्यावर मथळा दिला: 'सर्वांत फायदेशीर'. हिशेबात चूक नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या धाकट्या भावाने हा खेळ सुरू केला. ताईची यादी हाताशी होतीच. त्याने ५०० नाण्यांपैकी ४८० नाणी फ्लॉवरच्या सहा बियाण्यांत घातली. महापौरांच्या १५ पार्सनिपांचे पाचव्या दिवशी ५२५ नाणी आले, तेव्हा यादीतला पहिला क्रमांक पाहून त्याने पुन्हा सहा फ्लॉवर घेतले. हाती उरली ६५ नाणी. वसंताच्या तेराव्या दिवशी गावात अंड्यांचा उत्सव असतो, आणि स्ट्रॉबेरीचे बियाणे याच दिवशी मांडावावर १०० नाण्यांना मिळते. त्याचे पहिले सहा फ्लॉवर त्याच सकाळी तयार झाले. पण उत्सवामुळे पिएरचे दुकान बंद, आणि शेतावरच्या पेटीत माल टाकला तर पैसे मिळतात दुसऱ्या दिवशी सकाळी. सहा पिकलेले फ्लॉवर दारात आणि स्ट्रॉबेरीच्या मांडावापुढे मुलगा ६५ नाणी घेऊन उभा. त्याने ताईला जे विचारले ते तिने वर्गात सांगितले: "यादीत पहिलं होतं ना, मग पैसे का नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी क्रमवारीच्या मुळाशी जावे लागते. नफा भागिले दिवस हा आकडा एका वाफ्याचा आहे. एका वाफ्याला रोज एकदा पाणी घालावे लागते, म्हणून तोच आकडा एका पाणी घालण्याचाही आहे. म्हणजे जमीन किंवा श्रम तुटपुंजे आणि पैसा मुबलक असेल, अशा शेतकऱ्यासाठी तो खरा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील खेळाडूची अवस्था अशी असते. पहिल्या दिवशी अवस्था नेमकी उलटी असते: जमीन हवी तेवढी पडून आहे, अंगात शक्ती आहे, नाही तो पैसा. अशा माणसाचा प्रश्न 'एका वाफ्यामागे किती?' हा नसून 'एका नाण्याची बारा दिवसांत किती नाणी होतील?' हा असतो. पार्सनिप दर चार दिवसांनी पावणेदोनपट करतो. बारा दिवसांत तीन फेऱ्या, म्हणजे सुमारे ५.४ पट. बटाटा दोन फेऱ्यांत सुमारे २.६ पट, केल सुमारे २.५ पट, आणि फ्लॉवर एकाच फेरीत सुमारे २.२ पट. जुन्या कायद्यातील दामदुपटीच्या मर्यादेला चारही जण ओलांडतात ही गोष्ट वेगळी. लक्षात घेण्याजोगे हे की, क्रम तंतोतंत उलटला. पहिल्या यादीत तळाशी असलेला पार्सनिप शिखरावर गेला आणि फ्लॉवर तळाशी आला. आकडे तेच, माल तोच, दुकान तेच. बदलला तो प्रश्न.

महापौरांची भेट बाजूला ठेवून हाच हिशेब प्रत्यक्ष दिनदर्शिकेवर करून पाहू. ५०० नाण्यांची २५ पार्सनिपे. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, पिएरला विकून ८७५. त्यांतून ४३ बियाणी आणि १५ नाणी शिल्लक. नवव्या दिवशी, मंगळवारी, हाती १५२०. एवढ्यावर थांबले तरी उत्सवाच्या दिवशी स्ट्रॉबेरीची १५ बियाणी घेता येतात. लोभाने तिसरी फेरी केली तर ७६ वाफे होतात. मूळच्या झारीने एका वाफ्यास पाणी घालावयास दोन एकक शक्ती लागते आणि आरंभी एकूण शक्ती २७०. म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस पाणी घालण्यातच जावयाचा, आणि पीक तयार होणार ते दुकान बंद असलेल्या तेराव्या दिवशी. येथे पैशाची क्रमवारीही अपुरी पडते आणि श्रम व वार पुन्हा हिशेबात शिरतात. पिएरला न विकता पेटीत माल टाकणाराची दुसरी फेरी दहाव्या दिवशी, नेमकी बुधवारी, तयार होते. दुकानाच्या वेळा या नोंदीतल्या गोष्टी. पण क्रमवारी त्यांवाचून लावताच येत नाही.

बटाट्याची गंमत निराळी आहे. त्याच्या रोपाला कधीकधी एकाहून अधिक बटाटे लागतात. सरासरीने एका रोपामागे सुमारे सव्वा. हा सव्वा बटाटा हिशेबात धरला की त्याचा दैनिक नफा ५ वरून सुमारे ८.३ होतो आणि तो फ्लॉवरच्याही वर जातो. विद्यार्थिनीने तो धरला नव्हता, कारण 'नोंदीत एक बटाटा लिहिला होता'. तिची नोंदीवरील निष्ठा मला आवडली. तथापि सरासरी धरली की नाही, हे रकान्यावर लिहिणे तिचे कर्तव्य होते. स्ट्रॉबेरीबाबत तर एकच आकडा देणे अशक्यच आहे. तिचे पीक आठ दिवसांत येते आणि पुढे दर चार दिवसांनी पुन्हा येते. प्रत्येक तोडणीला १२० नाणी. उत्सवाच्याच संध्याकाळी लावली तर ऋतू संपण्याआधी दोन तोडण्या मिळतात आणि दैनिक नफा सुमारे ११.७ पडतो. तेच बियाणे वर्षभर पेटीत जपून पुढील वसंताच्या पहिल्या दिवशी लावले तर पाच तोडण्या, सुमारे २०.८. एकाच बियाण्याचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. प्रश्न असा की, बियाणे वर्षभर जपण्याचे धैर्य वाचकाजवळ आहे काय?

याच्याही पुढे असे जिन्नस आहेत की ज्यांना नफ्याच्या काट्यावर घालणेच अप्रस्तुत ठरते. समाजमंदिराच्या पुनरुद्धारासाठी ठरावीक वस्तूंचे संच अर्पण करावे लागतात. वसंतातील पिकांच्या मूळ संचात पार्सनिप, फरसबी, फ्लॉवर आणि बटाटा या चौघांपैकी प्रत्येकी एक लागतो. केल लागत नाही. म्हणजे या दृष्टीने चौघे समान आणि नफ्यात दुसरा असलेला केल शून्य. रंगांच्या संचात लाल कोबी लागतो. पिएर तो पहिल्या वर्षी विकीत नाही. पहिल्याच वर्षी समाजमंदिर पुरे करावयाचे असेल, तर शुक्रवारी आणि रविवारी जंगलातली गाडी पाहत राहणे हा मुख्य मार्ग उरतो, आणि तेथे तो दिसला तर भाव न विचारता घ्यावा लागतो. त्याचे मोल किमतीत नाही, दुर्मिळतेतही पुरते नाही. ते खेळाडूने मनाशी धरलेल्या संकल्पात आहे. फुलांच्या गुच्छाचा नफा तर उणे २०० नाणी. त्याची क्रमवारी कोणी लावू नये.

हे सारे खेळापुरते नाही, म्हणूनच या पृष्ठांवर त्याला स्थान मागितले आहे. आपल्या संदर्भसूचींवर 'निवडक' आणि 'महत्त्वाचे' हे शब्द किती सहजपणे छापलेले असतात! एका भारतीय भाषेतील ग्रंथांची यादी दुसऱ्या भाषेतील अनुवादकांसाठी केली जाते. तिच्यात पहिल्या क्रमांकावर बहुधा सहाशे पृष्ठांची कादंबरी असते. तिचे वाङ्मयीन मोल निर्विवाद असेल. परंतु पहिलाच अनुवाद हाती घेणाऱ्या, वर्षातून दोन महिने मोकळे असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो फ्लॉवर आहे. त्याला प्रथम एखादा पार्सनिप हवा: सत्तर पृष्ठांचे आत्मकथन, एखादा कथासंग्रह. यादीकाराने मोलाचा क्रम लावला आणि वाचकाने तो आरंभाचा क्रम म्हणून वाचला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विभागांत अशा याद्या आम्ही दरवर्षी करतो आणि निकष लिहावयाचा नेमाने विसरतो. मीही त्यास अपवाद नाही.

४

मराठीत अशी यादी करू जाता काही अडचणी निव्वळ भाषेच्या निघतात. हा खेळ आजमितीस इंग्रजीव्यतिरिक्त जपानी, तुर्की, हंगेरियन अशा अनेक भाषांत उपलब्ध आहे. त्यांत भारतीय भाषा एकही नाही. मराठी वाचकाला पडद्यावर इंग्रजी नाव दिसणार आणि यादीत तो मराठी नाव शोधणार. 'ग्रीन बीन' ही विद्यार्थिनीने 'फरसबी' म्हणून फ मध्ये घातली. तिच्या मैत्रिणीने 'श्रावणघेवडा' म्हणून श मध्ये शोधली. वर्णक्रम हा सर्वांत निःपक्षपाती क्रम मानला जातो, पण अनुवादित यादीत तो अनुवादकाच्या घरच्या बोलीवर अवलंबून राहतो. माझ्या मते पहिल्या रकान्यात पडद्यावरील नावच देवनागरीत यावे आणि मराठी नाव शेजारी.

वर्णक्रमातही यंत्राचा आणि कोशकारांचा मेळ नाही. मराठी कोशांत ळ हा ह नंतर येतो आणि त्यामागून क्ष, ज्ञ. युनिकोड या संकेतप्रणालीत ळ ची जागा ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष हे जोडाक्षर असल्याने क मध्ये जाते. यंत्राने केवळ संकेतांकांप्रमाणे ओळी लावल्या तर 'फळझाड' हे 'फवारा'च्या आधी येईल. कोशात ते नंतर येते. अंकांचे तर याहून विपरीत. कोष्टकाने आकडे हे अक्षरांसारखे वाचले, तर १०० हा २० च्या आधी लागतो, कारण १ हे २ च्या आधी आहे. अशा कोष्टकात स्ट्रॉबेरी सर्वांत स्वस्त आणि फ्लॉवर सर्वांत महाग ठरतो. विकीवर प्रत्येक चौकटीस दिसणाऱ्या मजकुराखेरीज क्रमासाठी वेगळे मूल्य देण्याची सोय असते. ती देवनागरी कोष्टकात आवर्जून वापरावयास हवी. ही बाब तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. मथळ्यावर कळ दाबताच ओळी खालीवर होतात, आणि वाचक त्या नव्या क्रमावर छापील अक्षराइतकाच विश्वास ठेवतो.

विद्यार्थिनीने यादी पुन्हा करून आणली. ओळी आता फळीक्रमाने आहेत, पार्सनिप पहिला. त्यानंतर किंमत, विक्री, दिवस, अट, ठिकाण, वार आणि आवृत्ती हे नोंदीचे रकाने. मग एक जाड उभी रेघ. रेघेच्या उजवीकडे तीन रकाने आहेत आणि त्यांचे मथळे तिने प्रश्नांच्या रूपात दिले आहेत: 'जागा थोडी असेल तर?', 'पैसा थोडा असेल तर?' आणि 'समाजमंदिरासाठी लागते काय?' बटाट्याच्या ओळीत सव्वाची तळटीप आहे. स्ट्रॉबेरीला दोन ओळी दिल्या आहेत. भावाच्या सांगण्यावरून 'तेराव्या दिवशी पैसे हातात असतात काय?' असा चौथा रकाना तिने घातला होता; तो फक्त एकाच वसंताला लागू पडतो म्हणून मी काढावयास सांगितला, आणि तिने तो काढला नाही. लाल कोबीच्या ओळीत ठिकाणाच्या रकान्यात 'गाडी (असू शकते)' असे आहे. पहिल्या दोन प्रश्नांपुढील त्याच्या चौकटी तिने कोऱ्या ठेवल्या आहेत.